सीडीवरचं चंदन

कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची ट्रंक दरवर्षी मीच उघडते. माझा नवरा श्रीनिवास ती माळ्यावरून उतरवून देतो, कमरेवर हात ठेवून एकदा हुश्श करतो आणि आपलं नवरात्र इथेच संपलं असं धरून पेपर वाचायला निघून जातो. मग मी कडी काढते. डांबरगोळ्या, जुन्या वेष्ट्यांचं, म्हणजे धोतरांचं, मऊ झालेलं सुती कापड आणि मातीवर चढवलेला रंग यांचा एक मिसळलेला वास वर येतो. पेरुंगुडीच्या या उंच इमारतीत, काचेच्या बंद खिडक्यांमागे बसून मी तो वास घेते आणि क्षणात शहराच्या जुन्या भागातल्या आमच्या तिरुवल्लिकेणीच्या घरात पोचते.

बाहुल्या एकेक करून बाहेर येतात. लाकडी राजा-राणी, पुढ्यात डाळ-तांदळाचे ढीग मांडून बसलेला वाणी आणि त्याची गुबगुबीत बायको, मान हलवणारी तंजावरची नाचरी बाहुली. सगळ्यात तळाशी, वेष्टीच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळलेली एक सीडी असते. तिच्यावर लाल शाईने काढलेला एक भोवरा आहे, पाण्यातला असतो तसा. उलट बाजूला, चकचकीत अंगावर, कडेपाशी एक फिकट पिवळसर डाग आहे, तो आता जाणार नाही. नवरात्रात ही सीडी कोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, हे काय मध्येच? मी म्हणते, आमच्या घरातलीच आहे. उकडलेल्या हरभऱ्याचं सुंडल हातात पडलं की पुढचं कोणी विचारत नाही.

यंदा मात्र ती हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

तिरुवल्लिकेणीचं घर देवळामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. खाली फुलांचा बाजार भरायचा, त्यामुळे सकाळी जिन्यात मोगरा आणि गटार यांचा वास बरोबरीने यायचा. समोर एक मॅन्शन होतं. मॅन्शन नुसतं म्हणायला. एकट्या राहणाऱ्या नोकरदार पुरुषांच्या खोल्यांची ती उंच, अरुंद इमारत होती. तिच्या प्रत्येक कठड्यावर लुंग्या वाळत असत आणि प्रत्येक खोलीत वेगळा रेडिओ लागलेला असे. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला की त्या सगळ्या लुंग्या एकदम फुगत आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याची ज्योत आडवी होई.

मी मूळची कऱ्हाडची. लग्न करून या घरात आले तेव्हा भाषेची काळजी नाही असं समजून आले होते, कारण सासरचे लोक मराठीच होते. पण ती तंजावरची मराठी. कित्येक पिढ्या कावेरीकाठी राहिलेली. सासूबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, “कां गे, प्रवास बरा झाला कीं?” तेव्हा मला वाटलं, एखादी जुनी बखर तमिळ चालीत बोलतेय. त्यांना माझी मराठी वर्तमानपत्रासारखी वाटायची. घरातले, गल्लीतले, समोरच्या मॅन्शनमधलेही त्यांना अम्माच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

अम्मा गात. गायला बसत मात्र नसत. हाताला काम असलं की गळ्यातून गाणं यायचं. हात थांबला की गाणं थांबायचं. विळीवर भाजी चिरताना लग्नातली गाणी, तांदूळ निवडताना पाळणे, इडलीचं पीठ वाटताना नवऱ्यामुलाची थट्टा करणारी, जराशी वाह्यात अशी गाणी. ती सगळी त्यांच्या आईकडून आलेली. कावेरीच्या पाण्यातून हत्ती येतो आणि बाळाच्या पाळण्याला सोंडेने झोका देतो, असा एक पाळणा होता. तो म्हणताना त्यांचा आवाज शेवटच्या ओळीला असा काही वर चढायचा की मी हातातलं काम विसरायची. त्यांच्या बहिणी गेल्या होत्या, भावांना गाणी येत नव्हती. त्या गळ्याखेरीज ती गाणी कुठेच नव्हती.

एका उन्हाळ्यात मी ती उतरवून घ्यायला लागले. हेडफोनला जोडलेला छोटा माइक अम्मांच्या पदराला पिनने लावायचा आणि त्यांना कैऱ्या चिरायला बसवायचं. गाणी घरच्या कॉम्प्युटरवर साठत गेली. त्या कॉम्प्युटरवर श्रीनिवासच्या कारखान्यातले पेन ड्राइव्ह लागत, चुलत दिरांचे सिनेमे येत, शेजाऱ्यांच्या लग्नाचे फोटो येत. एका सकाळी मी फोल्डर उघडला तर आत काहीच नव्हतं. व्हायरसने घर धुऊन नेलं होतं.

अम्मांना सांगितलं तेव्हा त्या फोडणी देत होत्या.

“सगळीं?”

“सगळी.”

“मी गाइलें तें मग कुठें गेलें?”

अम्मांनी गॅस बारीक केला, कढीपत्ता टाकला आणि “परवायिल्लै” म्हणाल्या. परवायिल्लै म्हणजे असू दे, चालायचंच. पण त्यानंतर त्या माझ्यासमोर गाईनाशा झाल्या. मी स्वयंपाकघरात आले की गाणं अर्ध्यावर थांबायचं.

आणि मग अम्मांच्या गळ्यात गाठ निघाली. वाईट गाठ नव्हती, पण काढणं भाग होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: ही गाठ आणि ही तिला चिकटून जाणारी आवाजाची नस. आवाज खाली जाऊ शकतो, बसू शकतो, एखाद्याचा जातोही, असं ते तमिळमध्ये अगदी हळू आवाजात म्हणाले. अम्मांनी एकच विचारलं, नवरात्र झाल्यावर केलं तर चालेल ना, घरात कोलू असतो. ऑपरेशन दसऱ्यानंतरच्या सोमवारी ठरलं.

मला रडू आलं ते घरी जाताना बसमध्ये. अम्मांना काही होईल याची भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरी एक होती आणि ती जास्त टोचत होती. तो हत्तीचा पाळणा सोमवारनंतर कुणालाच म्हणता येणार नाही, ही ती भीती. घरी आल्यावर मी सरळ म्हणाले, “अम्मा, पुन्हा गा. मी पुन्हा उतरवून घेते.”

“कुठें ठेवशील?”

“कॉम्प्युटरवर.”

“त्याच फुटक्या बरणींत?” त्या म्हणाल्या. “नक्को. आधीं बरणी. मग लोणचें.”

लोणच्याच्या बाबतीत अम्मांची रीत अशी की बरणी धुऊन, उन्हात वाळवून, आत हात घालून कोरडी आहे की नाही हे बघितल्याशिवाय कैरीला सुरी लावायची नाही. कैऱ्या घरात येऊन पडल्या असल्या तरी नाही. श्रीनिवास म्हणायचा, अम्माच्या या हट्टापायी आमच्याकडे कैऱ्या पिकतात. आता त्या गाण्यांच्या बाबतीतही तिथेच अडून बसल्या आणि त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं बरोबर होतं.

मी पेरुंगुडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार. तिथे भंगारात काढलेली एक मशीन मी रीतसर परवानगी घेऊन घरी आणली. तिच्यात दोन हार्ड डिस्क बसवायच्या, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उतरेल असं करायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. या मशीनवर सिनेमे नाहीत, पेन ड्राइव्ह नाही, शेजाऱ्यांचं काही नाही. घरातला सर्व्हर. आणि तो चालवायला विंडोज नको, लिनक्स हवं, त्याला व्हायरस सहसा शिवत नाही, एवढं माझं पक्कं होतं.

कुठलं लिनक्स, हे मात्र पक्कं नव्हतं. लिनक्स फुकट मिळायचं, पण एक नव्हतं; वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली कितीतरी होती, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. ज्याला त्याला आपलंच खरं वाटायचं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी विषय काढला आणि डबे तसेच उघडे राहिले. एकजण म्हणाला, टोपीवालं घे, सगळ्या कंपन्या तेच घेतात. दुसरा म्हणाला, सरड्यावालं, दिसायला देखणं. शेजारच्या टीमची सेल्वी म्हणाली, भोवऱ्यावालं घे, म्हातारं आहे, हळू चालतं, पण पडत नाही. नवीन गोष्टी त्याच्यात उशिरा येतात म्हणून बाकीचे तिला हसले. मला तर नवीन काही नकोच होतं. मला फक्त न पडणारं हवं होतं.

त्या रविवारी मी तिन्हींची चिन्हं कागदावर छापून घरी दाखवली. अम्मा म्हणाल्या, “तिन्हींत फरक काय?”

“सांबारपूड असते ना अम्मा. मिरची-धणे सगळ्यांच्या घरी तेच. पण तुमची वेगळी, समोरच्यांची वेगळी.”

अम्मांनी टोपी बघितली, सरडा बघून तोंड वाकडं केलं आणि लाल भोवऱ्यावर बोट ठेवलं. “हें जांगिरीवालें घे.” जांगिरी म्हणजे जिलबीची उडदाच्या पिठातली जाडजूड तमिळ बहीण. श्रीनिवास हसून हसून लोळायचा बाकी राहिला. माझ्याही मनात तेच होतं म्हणून बरं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या लिनक्सचं नाव जांगिरी पडलं.

ठरलं खरं, पण मिळवायचं कुठून? घरचं इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं आणि थोडं उतरवलं की महिन्याचा वाटा संपायचा. ऑफिसात असलं काही उतरवायला बंदी होती. मग मी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, रिची स्ट्रीटला गेले. सोल्डरचा धूर, रसाच्या गाड्या, पाण्याची डबकी आणि त्यांच्या कडेने जमिनीवर मांडलेल्या सीडींच्या चळती. एका दुकानदाराने माझ्याकडे नीट न बघताच एक सीडी काढून दिली. तिच्यावर लिनक्स असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. घरी येऊन लावली तर आत तमिळ सिनेमातली गाणी निघाली. गाणी चांगली होती. अम्मांनी ती संध्याकाळभर लावून ठेवायला सांगितली आणि वर मला म्हणाल्या, “हें लोणचें आयतें मिळालें कीं.”

नवरात्र जवळ येत चाललं. फुलवाल्यांकडे शेवंतीचे ढीग दिसू लागले, मैलापूरच्या रस्त्यावर मातीच्या बाहुल्या मांडल्या गेल्या. एरवी मला हे दिवस आवडायचे. त्या वर्षी प्रत्येक ढीग दिसला की सोमवार थोडा जवळ सरकल्यासारखा वाटायचा.

सेल्वीनेच सांगितलं की गिंडीकडच्या एका कॉलेजात महिन्यातल्या एका शनिवारी लिनक्सवाले जमतात. मी गेले. पंख्याखाली बाकांवर बसून ती मंडळी क्रिकेटच्या मॅचसारखी भांडत होती: टोपी बरी की भोवरा. साडी नेसून आलेली मी एकटीच होते, म्हणून सगळे भांडण सोडून माझ्याकडे वळले. मी उभी राहिले आणि तोडक्यामोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं: अम्मांचा गळा, गाणी, बरणी, सोमवार. मागच्या बाकावरून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले वेंकटेशन सार, म्हणजे सर. ते म्हणाले, “भोवराच. माझ्याकडे आहे. कॉपी करून घरी आणून देतो, पत्ता द्या.” त्यानंतर बराच वेळ मला सगळे चहा आणून देत राहिले.

वेंकटेशन सार आले ते नेमके सरस्वतीपूजेच्या दिवशी. तमिळ घरांत, आणि तंजावरच्या मराठी घरांतही, नवमीला पुस्तकं आणि हत्यारं देवापुढे मांडतात. ज्याचं ज्या वस्तूवर पोट, ती वस्तू. चंदनाचं गंध, वर कुंकू, फूल. आणि एकदा ती देवापुढे गेली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीपर्यंत तिला हात लावायचा नाही. ना वाचायचं, ना लिहायचं, ना काम करायचं. आमच्या पूजेत अम्मांची विळी होती, श्रीनिवासचा मापं घ्यायचा व्हर्नियर होता, माझा कीबोर्ड होता आणि त्या वर्षी भंगारातून आणलेली ती मशीनही होती, कपाळावर गंधाची तीन बोटं घेऊन. मी न्हाणीघरात होते. दारात स्कूटर थांबलेली ऐकली, वेंकटेशन सारांचा आवाज ऐकला, अम्मांचं “या, या, सुंडल खाऊन जा” ऐकलं. बाहेर येईपर्यंत ते खाऊन गेलेही होते आणि सीडी देवापुढे पोचली होती, कागदी पाकिटातून बाहेर, फुलांच्या मागे.

“अम्मा, आज लावायची होती ती.”

“आज पुस्तक उघडतात कां? उद्यां विजयादशमी. नवीन विद्या उद्यांच सुरू करितात.”

कंपनीच्या बसने कारखान्यातल्या पूजेचा प्रसाद घेऊन आलेला श्रीनिवास आईच्या बाजूने बोलला. मी चरफडले. पण खरं सांगायचं तर त्या घरात दुसऱ्या दिवशीच्या सकाळइतकी शुभ वेळ नसते हे मलाही पटलेलं होतं, आणि जिथे डॉक्टरांच्या हातावर भरवसा ठेवायचा तिथे थोडा मुहूर्तावरही ठेवायला माझी ना नव्हती.

विजयादशमीची सकाळ मला वासांसकट आठवते. कापूर, सुकत आलेली शेवंती, कॉफीचं डिकॉक्शन. पूजा हलवली. नवीन कामाला वडीलधाऱ्यांचा हात लागला पाहिजे, म्हणून सीडी अम्मांनीच मशीनमध्ये ठेवायची असं ठरलं. मी स्क्रीनकडे डोळे लावून म्हटलं, “लिहिलेली बाजू वर, अम्मा.” त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरून आणली, आत ठेवली, ट्रेला नमस्कार केला. ट्रे आत गेला. निळा पडदा आला. मशीनने विचारलं, माझं नाव काय ठेवायचं? मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: बरणी. अम्मांना वाचून दाखवल्यावर त्या पदराआड हसल्या.

पट्टी पुढे सरकू लागली. समोरच्या मॅन्शनमध्ये सुट्टीमुळे सगळे रेडिओ एकदम लागलेले होते. पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली. सीडी आत घरघरली, गप्प झाली, पुन्हा घरघरली. मग पडद्यावर आलं की सीडीवरचं वाचता येत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडलं. वेंकटेशन सार सणासाठी कुंभकोणमला जाणार होते. दुसरी सीडी आणणार कोण आणि कधी?

मी ट्रे उघडला. आत कुंकू सांडलेलं होतं.

सीडी उलटी केली. चकचकीत बाजूवर, कडेपाशी, चंदनाचा छान गोल मळवट भरलेला आणि त्यावर उरलंसुरलं कुंकू. मी अम्मांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“अम्मा, गंध या बाजूला लावलंत?”

“मग? चकचकीत तें तोंड नव्हे कां? पाठीला कोण गंध लावितो?”

या उत्तरात खोट काढायला जागाच नव्हती. श्रीनिवासने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि त्यातलं आधी कुठलं बाहेर पडलं ते आता आठवत नाही. अम्मांचा चेहरा मात्र उतरला. त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “ही बरणीही मीच फोडिली कां गे?”

“नाही अम्मा. धुवायचीय फक्त.”

चंदन वाळून दगड झालं होतं. खरवडलं असतं तर ओरखडे पडले असते. अम्मांनी कोमट पाण्याचं पातेलं आणलं, सासऱ्यांच्या जुन्या वेष्टीचा सगळ्यात झिजलेला तुकडा आणला. मी सीडी पाण्यात धरली, चंदन फुगू दिलं. मग गोल न पुसता मधून कडेकडे, सरळ, एकेक हात. पाणी पिवळं झालं, स्वयंपाकघरभर चंदनाचा वास सुटला. श्रीनिवास मऊ ब्रशने ट्रेमधलं कुंकू झाडत होता, कारखान्यातलं मोजमापाचं हत्यार असावं इतक्या काळजीने. सीडी उन्हात धरली तर कडेला फिकट डाग तेवढा राहिला होता.

अम्मांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, बोट फिरवून कोरडी आहे का बघितलं. उन्हातल्या बरणीला करत तसंच. “आतां घाल,” म्हणाल्या.

पट्टी सरकू लागली. अर्ध्याशी आली. सीडी घरघरली. अम्मांनी माझा दंड धरला होता तो मला नंतर दुखला. घरघर थांबली, एकदम शांत झालं, आणि मग सीडी पुन्हा गुणगुणत फिरू लागली आणि पट्टी हळूच, काही झालंच नाही अशी, पुढे गेली. माझा जीव भांड्यात पडला. अम्मा जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “कॉफी घाल गे कोणीतरी.”

त्यानंतरच्या दुपारी मला अजून जशाच्या तशा ऐकू येतात, कारण त्या खरंच ऐकू येतात. मी रजा घेतली होती. अम्मा माइक लावून विळीवर बसायच्या आणि गायच्या. चिरायला भाजी पुरेना, तेव्हा मी भोपळे आणले. प्रत्येक गाण्यामागे विळीचा कचकच आवाज आहे, कुठे कुकरची शिट्टी आहे, कुठे देवळातली घंटा. रेडिओ मात्र नाही. मी समोर जाऊन मॅन्शनमधल्या लोकांना विनंती केली होती, अम्मांचं ऑपरेशन आहे, दुपारी जरा रेडिओ बारीक ठेवाल का? त्यांनी ते बंदच केले. नंतर बघते तर लुंग्या वाळत घातलेल्या कठड्यांशी ते सगळे उभे राहून ऐकत होते. एकालाही मराठी येत नव्हती. हत्तीच्या पाळण्याची शेवटची ओळ वर चढली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने डोळे पुसले. त्याची आई कुठल्या गावी होती कोण जाणे.

शेवटचं गाणं झालं तेव्हा अम्मांनी विळी आडवी केली आणि विचारलं, “भरली कां?”

“भरली, अम्मा.”

“मग झांकण लाव.”

सोमवारी ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकावर मी आणि श्रीनिवास बसलो होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ निघाली, नस शाबूत आहे. संध्याकाळी अम्मांनी डोळे उघडले, ओठ हलवले. आम्ही दोघं वाकलो. एक अनोळखी, जाडाभरडा, खालच्या पट्टीतला आवाज म्हणाला, “कोलू आवरिला कां?” श्रीनिवास लहान मुलासारखा रडला. मी त्याला हसत होते आणि मीही तेच करत होते. आम्हाला एवढं हलकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

तो उंच आवाज मात्र परत आला नाही. पाळण्याची शेवटची ओळ आता खालीच राहते, वर चढत नाही. अम्मांना त्याचं दुःख झालं असेल. कधी म्हणाल्या नाहीत. पुढे आमची मुलगी झाली. मी मोठ्या हौसेने तिला बरणीतले पाळणे लावून निजवायला गेले तर ती भोकाड पसरायची. अम्मांनी तिला उचलून आपल्या घोगऱ्या आवाजात तोच हत्ती आणला की मांडीवर गाढ झोपायची. ज्या आवाजासाठी मी गिंडीपर्यंत धावले होते तो तिला परका होता. मला आधी वाईट वाटलं. मग एकदा त्या दोघींना तसं बघताना वाटलं, हे तर चांगलंच झालं की.

तिरुवल्लिकेणीचं घर सुटलं. खालचा फुलांचा बाजार हलला म्हणतात, मॅन्शनच्या कठड्यांना जाळ्या बसल्या. ती भंगारातली मशीन केव्हाच थकली, तिच्यानंतर दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीचं नाव बरणीच ठेवलं आणि प्रत्येकीत जांगिरीच घातली. आता ती इंटरनेटवरून चहा उकळेपर्यंत उतरते. कुणाच्या स्कूटरची वाट बघावी लागत नाही. गाणी सगळी आहेत. विळीचा आवाजही आहे.

ट्रंक रिकामी झाली तेव्हा आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. अम्मा आता हळू चालतात, पण कोलूच्या पायऱ्यांची मांडणी अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्या माझ्याशेजारी खुर्चीवर टेकल्या, चंदनाची वाटी मांडीवर घेतली आणि सीडीसाठी हात पुढे केला. बोट गंधात बुडवून थांबल्या. इतक्या वर्षांत हे विचारायचं त्या एकदाही विसरलेल्या नाहीत, आणि विचारताना चेहरा अगदी भोळा ठेवतात.

“कुठल्या बाजूला लावूं गे?”

“कुठल्याही लावा, अम्मा,” मी म्हटलं.

त्यांनी सीडी उलटी केली, जुन्या डागावर बोट नेमकं टेकवलं आणि घोगऱ्या आवाजात गुणगुणू लागल्या.